रेघांचा हिशेब

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या घरांतून माळा आवरताना अद्यापही एखादी कीर्द किंवा खतावणी हाती लागते. मोडी अक्षर लागत नाही, म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी वाचकांनी तिच्यातील रकमांकडे एकवार लक्षपूर्वक पाहावे, अशी आमची विनंती आहे. रुपयांच्या आकड्यांपुढे तेथे उभ्या व आडव्या, किंचित तिरप्या रेघा आढळतील. त्या रेघा म्हणजे एक स्वतंत्र संख्यापद्धतीच होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे आणे सोळा होते. एका आण्याला एक आडवी रेघ, चार आण्यांना एक उभी. चौथी आडवी रेघ कधी काढावयाची नाही. चार आडव्यांची एक उभी होते आणि चार उभ्यांचा रुपया. दशमानात दहाला जे महत्त्व, ते येथे चाराला. शून्याचीही गरज नाही, कारण रेघेची दिशाच तिची किंमत सांगते.

आता एक ते पंधरा आणे लिहिण्यास किती रेघा लागतात, ते मोजू : १, २, ३, १, २, ३, ४, २, ३, ४, ५, ३, ४, ५, ६. या मालिकेत एक नियम दडलेला आहे. आण्यांतून रेघांची संख्या वजा केली की बाकीला तिनाने नि:शेष भाग जातो. अकरा आण्यांना पाच रेघा, बाकी सहा. पंधरांना सहा, बाकी नऊ. कारण सोपे आहे. उभी रेघ मोलाने चार, मोजणीत एक. प्रत्येक उभीमागे तिनाचा फरक पडतो.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविण्याचा खेळ मांडला. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ येतात. अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जी मिळत नाही, ती ‘स्वयंभू’, जसे २०. हाच खेळ आण्यांवर खेळून पाहावा. आण्यांत त्यांच्या रेघा मिळवीत गेलो, तर रुपयाच्या आत एक, तीन, आठ आणि तेरा आणे कधीच हाती येत नाहीत. आपल्या खतावणीतले स्वयंभू ते हेच!

आपल्या नातवंडांचे शिक्षण कन्नड वा इंग्रजी माध्यमातून होत असेल. मोडी तर आपणांपैकी बहुतेकांनाही परकी झाली आहे. रेघांना मात्र माध्यमाची अडचण नाही. पणजोबांनी लिहिलेली साडेसात रुपयांची रक्कम, सातापुढच्या दोन उभ्या रेघांवरून, चौथीतले मूलही वाचू शकेल. रकमा वाचता आल्या म्हणजे त्या कोणाच्या नावे मांडल्या आहेत, हे जाणण्याची उत्सुकता त्याला आपोआप वाटू लागेल. आणि मोडी शिकण्यास त्याहून चांगले निमित्त आम्हांस ठाऊक नाही.