लेकरं आईपासून तोडणारा कायदा

चाकणच्या चौकात, भोसरीच्या सिग्नलला गजरे, पेनं विकणारी लेकरं आपण नेहमी पाहतो. रस्त्याकडेला त्यांची पालं असतात. त्यांना पाहून कुणीतरी म्हणतं, "सरकारनं ही पोरं उचलून न्यावीत. आईबापांपासून लांब ठेवली तरच सुधारतील." म्हणणारीचा हेतू वाईट नसतो. पण अगदी असाच कायदा आपल्याकडे होऊन गेलाय, हे आपल्याला माहीत हवं.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. त्यांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे. अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत ठेवलं. लोक तिला सेटलमेंट म्हणत. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही आहे.

१९११ च्या आणि नंतर १९२४ च्या कायद्यानं सरकारला आणखी एक अधिकार दिला. या जमातींची सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवता येत. मुलानं काही चोरलेलं असावं, अशी अट नव्हती. त्या जमातीत जन्म झाला, एवढंच पुरे होतं.

ऑस्ट्रेलियात आणि कॅनडातही सरकारनं आदिवासींची लेकरं अशीच सुधारणेच्या नावाखाली नेली. २००८ साली दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण लोकांच्या मनातला संशय अजून गेलेला नाही.

आजचा कायदा काय म्हणतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ताब्यात घेतलं, तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. आईबापांनी तिथं जाऊन आपलं म्हणणं मांडावं.

लेकराला मारहाण होत असेल, कुणी विकत असेल, राबवून घेत असेल, तर १०९८ ला फोन जरूर करा. पण पालात राहणं, गरीब असणं हा आईचा गुन्हा नाही. तिथं आपल्या गटाचं काम वेगळं आहे. अंगणवाडीताईंना पालापर्यंत घेऊन जाऊ. शाळेत नाव घालताना आईसोबत जाऊ. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे तिला सांगू. मूल शिकेल आणि संध्याकाळी आईजवळच परत येईल.