विश्लेषण : जग काचेपलीकडे गेल्यासारखे का वाटते? त्यातून बाहेर कसे पडतात?

आरशातला चेहरा आपलाच आहे हे कळते, पण तो आपला वाटत नाही. ही वेड लागण्याची सुरुवात नव्हे. मात्र ‘गेले का, गेले का’ असे सतत तपासत राहिल्याने हा त्रास लांबतो.

नेमके काय होते?

स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटतो, हात परके वाटतात, आईने जवळ घेतले तरी आत काही हलत नाही. याला डिपर्सनलायझेशन म्हणतात. रोजचा रस्ता, घर, माणसे सिनेमाच्या सेटसारखी सपाट आणि खोटी वाटू लागली तर ते डिरिअलायझेशन. दोन्ही बरेचदा जोडीने येतात. म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३च्या निदानपुस्तिकेत त्यांना एकाच विकाराचे नाव दिले. संकल्पना मात्र जुनी आहे. जिनिव्हातील प्राध्यापक हेन्री-फ्रेडरिक अमिएल यांनी १८८०मध्ये रोजनिशीत हीच अवस्था लिहून ठेवली होती. त्यांचाच शब्द उचलून फ्रेंच मानसशास्त्रज्ञ लुदोविक दुगा यांनी १८९८मध्ये या अनुभवाला नाव दिले.

वेड लागते का?

नाही. ‘सगळे खोटे आहे’ अशी या व्यक्तीची खात्री पटलेली नसते. ‘खोटे असल्यासारखे वाटते’ एवढेच ती म्हणते. या ‘सारखे’मध्येच फरक आहे. वास्तवाचे भान शाबूत असते, म्हणूनच त्रास इतका होतो. आपल्याकडे घरच्यांना हे सांगणे अवघड जाते. ‘बाहेरचे काही झाले असेल’ म्हणून दृष्ट काढली जाते, नाहीतर ‘अभ्यास टाळायची नाटके’ म्हणून विषय मिटवला जातो.

हे सुरू कशामुळे होते?

अपघातात सापडलेली माणसे पुष्कळदा सांगतात, की त्या क्षणी सारे संथ झाले आणि आपण लांबून पाहत होतो. भीती असह्य झाली की मेंदू भावनांचा आवाज कमी करतो. त्या घटकेपुरते ते उपयोगीच असते. संकट सरले तरी आवाज पुन्हा वाढत नाही, तेव्हा त्याचा विकार होतो. पॅनिक अटॅक, गांजा, अनेक रात्रींचे जागरण, लांबलेला ताण, लहानपणी सोसलेला मानसिक छळ ही नेहमीची निमित्ते. थोड्या वेळापुरता असा अनुभव पुष्कळांना येतो. विकार म्हणून तो साधारण १ ते २ टक्के लोकांत आढळतो आणि सुरुवात सरासरी सोळाव्या वर्षाच्या आसपास होते.

मग तो टिकून का राहतो?

इथे खरी मेख आहे. घाबरलेला माणूस दिवसभर पहारा देतो. चिमटा काढतो, आरशात बघतो, ‘हा आवाज खरा का?’ म्हणून कान देतो, रात्री मोबाइलवर लक्षणे शोधतो. जितके तपासावे तितके जग विचित्र दिसते. एकच शब्द पन्नास वेळा उच्चारला की तो निरर्थक वाटू लागतो, तसेच हे. त्यातून भीती वाढते आणि भीतीने परकेपणा वाढतो.

उपचारांत काय करतात?

कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपीत हे चक्र तोडण्यावर भर असतो. लक्षणे कधी वाढतात, कधी उतरतात याची आधी नोंद ठेवतात. पुष्कळांना तेव्हाच पहिल्यांदा कळते, की ती दिवसभर सारखी नसतात. मग तपासण्याच्या सवयी एकेक करून कमी करायच्या आणि टाळलेल्या गोष्टी (गर्दीची लोकल, मित्रांचा कट्टा, वर्गात बोलणे) लक्षणे असतानाच पुन्हा सुरू करायच्या. ‘आधी बरे वाटू दे, मग जाईन’ हा क्रम इथे उलटा पडतो.

गार पाणी तोंडावर मारणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे हे उपाय सर्रास सुचवले जातात. त्यांचा आधार मिळतोही. पण दर वेळी ‘गेले का?’ हे पाहण्यासाठी ते केले, तर तोही पहाराच होतो.

या विकारावर रामबाण औषध नाही. फ्लुओक्सेटिनच्या नियंत्रित चाचणीत विशेष लाभ दिसला नव्हता, तर लॅमोट्रिजिनच्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. सोबत नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास असेल तर त्यावरील औषधांनी फरक पडू शकतो. चालू गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. गांजा बंद आणि झोप वेळेवर, याला पर्याय नाही.

बरे होताना काय दिसते?

एखाद्या सकाळी झटक्यात पडदा सरकतो, असे क्वचितच घडते. बहुतेकदा दहा मिनिटे गप्पांत निघून जातात आणि ‘अरे, मधे विसरलोच होतो’ हे नंतर लक्षात येते. ही दहा मिनिटे वाढत जातात. परीक्षा किंवा जागरण आले की लक्षणे परततात. ती परतली म्हणजे सारे वाया गेले असे नव्हे. काहींना बधिरपणा उतरताना आधी रडूच येते. घरचे घाबरतात, पण भावना परत येत असल्याचेही ते लक्षण असू शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

त्रास काही आठवडे टिकला किंवा कॉलेज, नोकरी सुटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे होऊ लागले, शुद्ध हरपली किंवा झटके आले तर अपस्मारासारख्या शारीरिक कारणांची तपासणी आधी हवी. जीव द्यावासा वाटत असेल तर वाट पाहू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. फोन लागल्यावर नेमका शब्द आठवला नाही तरी चालते; ‘सगळे खोटे असल्यासारखे वाटते’ एवढे सांगितले तरी पुरते.