'फोर्थविथ' म्हणजे नेमके केव्हा?

जालना जिल्ह्यातील अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊस घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याची मोटारसायकल चोरीस गेली आणि त्याने पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविली, तर त्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य द्यावी लागते. पण केव्हा? कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात त्यासाठी एकच क्रियाविशेषण आहे: 'फोर्थविथ'. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम राहिले. रोजच्या इंग्रजी संभाषणातून मात्र हा शब्द केव्हाच मागे पडला आहे.

'फोर्थ' म्हणजे पुढे आणि 'विथ' म्हणजे सह. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'त्यासोबतच' असा होता. पुढे 'ताबडतोब' हा अर्थ रूढ झाला. मराठीतील 'लागलीच' याच वळणाचा आहे. एका कृतीला लागून दुसरी.

या शब्दाचा कस लागला तो संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा पंडित नेहरूंनी 16 जानेवारी 1956 रोजी केली आणि शहर पेटले. तत्पूर्वीच, 13 जानेवारीला, पोलीस आयुक्तांनी केशव नीळकंठ जोगळेकर आदींच्या स्थानबद्धतेचे आदेश काढले होते. असा आदेश काढल्यावर राज्य सरकारला 'फोर्थविथ' कळविण्याचे बंधन 1950 च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात होते. अहवाल गेला 21 तारखेला. आठ दिवस उलटल्यावर कळविणे हे तात्काळ कसे, असा प्रश्न घेऊन स्थानबद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्याच कायद्यात अन्यत्र 'शक्य तितक्या लवकर' अशीही शब्दयोजना होती. 'फोर्थविथ' त्याहून कडक आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करीत नाही. टाळता येण्याजोगा विलंब न लावता कृती झाली की नाही, एवढेच पाहावयाचे, असा निकष त्याने घालून दिला. दंगलीत गुंतलेल्या पोलीस यंत्रणेचा विलंब या निकषात बसला आणि याचिका फेटाळल्या गेल्या. स्थानबद्धांच्या दृष्टीने हा अर्थ महागच पडला. मात्र त्याच निकषाची दुसरी बाजू अशी, की विलंबाचे समर्थनीय कारण दाखविण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर येते. दंगल नाही, गर्दी नाही, अशा दिवशी 'उद्या या' हे उत्तर 'फोर्थविथ'मध्ये बसविणे कठीणच.