चतुर्थीच्या पानावरील दोन परदेशी कंद

पान वाढण्याचे शास्त्र मराठी माणसाने इतक्या काटेकोरपणे बांधून ठेवले आहे की, मीठ कोठे, लिंबाची फोड कोठे, चटणी-कोशिंबिरीने डावीकडे किती जागा अडवावी आणि भाजीने उजवीकडे कोणाच्या शेजारी बसावे, याविषयी कोणा गृहिणीला पंगतीच्या वेळी विचार करीत उभे राहावे लागत नाही. आणि अशा या जमाबंदी झालेल्या मुलखात, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, बटाटा व रताळे हे मूळचे अमेरिकेतले दोन कंद आपापले वतन सांभाळून बसलेले आढळतात, ही गोष्ट तारकर्लीसारख्या गावात पाहिली म्हणजे विशेष मौजेची वाटते. या गावाचा खरा जिव्हाळा मासळीशी. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेच्या अंगाला देवबागच्या टोकाशी त्याला मिळायला निघालेली कर्ली नदी, यांच्या मधल्या वाळूवर माडांच्या सावलीत वसलेल्या वस्तीने भाजीपाल्याकडे एरवी तोंडी लावण्यापलीकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षाच नाही. परंतु १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी मनाई, तिच्या मागोमाग श्रावणाचे सोवळे आणि श्रावण सरतो न सरतो तो गणपती, असा जो वर्षातला काळ येतो, त्यात जमिनीतून उकरून काढलेल्या वस्तूंना त्यांचा मान मिळतो.

चतुर्थीच्या नैवेद्यात मोदक आहेत, काळ्या वाटाण्याची उसळ आहे, वडे किंवा पुऱ्या आहेत, अळूचे फदफदे आहे. आणि या सर्वांच्या मध्ये, कांदा-लसणीचा स्पर्श न झालेली, हळदीने पिवळी आणि ओल्या खोबऱ्याने पांढरी झालेली बटाट्याची सुकी भाजी आहे. रताळे मात्र असे स्वतंत्र, उघडे बसत नाही. ते खतखते या मिश्र भाजीत असते, सुरणाच्या व कच्च्या केळ्याच्या संगतीत, आणि माझ्या मते अधिक प्रतिष्ठेने असते.

हे दोघे एकाच समुद्रमार्गाने आले. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्या गलबतांतून जी अमेरिकन झाडेपेरे या किनाऱ्यावर उतरली, त्यांत मिरची, काजू आणि अननस यांच्याबरोबर हे कंदही होते. तथापि जन्माने ते एकमेकांचे कोणी लागत नाहीत. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड, आणि त्याचे गोत्र वांग्या-मिरचीचे. रताळे हे फुगलेले मूळ, आणि त्याचे सगेसोयरे तारकर्लीच्या पुळणीवर आधीपासूनच नांदत होते. भरतीच्या रेषेवर जांभळ्या फुलांची जी मर्यादवेल पसरलेली दिसते, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने रताळ्याच्याच जातकुळीतली. बटाट्याला कंद धरण्यासाठी थंड रात्री लागतात आणि तापमान तिशीच्या वर गेले की त्याची वाढ जवळजवळ थांबते. साहजिकच या दमट किनाऱ्यावर तो कधी रुजला नाही. तो घाटावरून आला. खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांनी त्याला आश्रय दिला. महाबळेश्वरी तर एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने समुद्रापलीकडून आणून ठेवलेल्या चिनी बंदिवानांनी बटाट्याचे मळे केल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे. कोकणात मात्र त्याचे येणे मुंबईच्या आगबोटीवर आणि घाटरस्त्यांवर अवलंबून राहिले, आणि आगबोट पावसाळ्यात बंद असे.

रताळ्याला यातले काहीच नको. वेलाचे वीतभर तुकडे भुसभुशीत, पाणी न साचणाऱ्या सरीवर खोचले की साडेतीन-चार महिन्यांत कंद हाती येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अश्विनी’ नावाचे वाण याच हवेसाठी काढले आहे. भात कापल्यावर लावलेली रताळी माघाच्या सुमारास निघतात आणि महाशिवरात्रीच्या उपासाला कणगी-करांद्यांबरोबर एकाच टोपात उकडली जातात. चतुर्थीच्या वेळी मात्र घरची नसली तर बेळगाव-खानापूरकडची, आंबोलीचा घाट उतरून आलेली घ्यावी लागतात. कणगी, करांदे, सुरण हे आपले जुने कंद. त्यांच्या पंक्तीला रताळे इतके सहज बसले की, उपासाला वरी-साबुदाण्याशेजारी ते ठेवताना त्याचे परदेशीपण कोणाच्या ध्यानात येत नाही. (साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तोही अमेरिकेचाच, आणि शेंगदाणाही; ज्या दिवशी आपण हजारो वर्षांचा तांदूळ वर्ज्य मानतो, त्याच दिवशी या चारशे-पाचशे वर्षांच्या पाहुण्यांना पवित्र मानतो, याचा निवाडा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा.) बटाट्यालाही उपासाचा परवाना आहे खरा, पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खायचे नाही असा रिवाज असल्यामुळे, घाटावरच्या नांगरटीतून आलेल्या बटाट्याला काटेकोर घरांतून रजा मिळते. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला रानातली फळे, काकड्या, नारळ, सुपारीचे शिपटे बांधतात. तेथेही बटाटा बांधलेला मी पाहिलेला नाही.

आता पाकसिद्धीकडे वळू. बटाट्याची नैवेद्याची भाजी सोपी आहे, आणि सोपी आहे म्हणूनच बिघडते. बटाटे सालीसकट, थंड पाण्यात घालून उकडावेत. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग फुटतो आणि आतला कच्चा राहतो. फोडी गरम असताना करू नयेत, त्यांचा लगदा होतो. फोडणीला मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची; हळद बेताची; साखर चिमूटभर; आणि खोबरे अगदी शेवटी, आच बंद करताना, कारण ओले खोबरे फार वेळ परतले की त्याचा रस आटून चोथा उरतो. यापलीकडे काही घालण्याची गरज नाही. हल्ली कोठे कोठे या भाजीत टोमॅटो घालतात. त्याबद्दल न बोललेले बरे.

मासळीच्या गावाला मासळी नसलेल्या दिवशी जी उणीव भासते, ती भरून काढण्याचे काम कापांकडे आहे. बटाट्याच्या, सुरणाच्या, विलायती फणसाच्या जाडसर चकत्यांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ चोळून, रवा व तांदळाचे पीठ यांत घोळवून, तव्यावर थोड्या तेलात त्या तळायच्या. मसाला तोच, तवाही तोच, फक्त सुरमईच्या जागी कंद. येथे बटाट्याची एक खोड सांगितली पाहिजे. भाद्रपदात बाजारात येणारा बटाटा पुष्कळदा शीतगृहातला असतो, आणि आठ अंशांच्या खालच्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की आत शिजण्यापूर्वीच बाहेरून काळवंडतो आणि किंचित कडवट लागतो. तो आठ-दहा दिवस आधी आणून स्वयंपाकघराच्या उबेत, पण उजेडापासून दूर, पसरून ठेवला तर ती साखर बऱ्याच अंशी पुन्हा पिष्टात परतते. उजेडात ठेवला तर तो हिरवा पडतो, आणि हिरवा भाग विषारी असतो.

रताळ्याचा स्वभाव याच्या उलट. त्याची साखर थंडीत नव्हे, मंद उष्णतेत जन्मते. त्याच्यात एक पाचक द्रव्य असते. साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान ते पिष्टाचे माल्ट-साखरेत रूपांतर करीत राहते आणि त्याहून जास्त तापले की निकामी होते. म्हणून चुलीच्या गरम राखेत पुरून सावकाश भाजलेले रताळे मधासारखे होते आणि प्रेशर कुकरच्या तीन शिट्यांतले तेच रताळे पाणचट व बेचव लागते. नुकतेच खणलेले रताळेही फारसे गोड नसते. काही दिवस उबेत ठेवावे. फ्रिजमध्ये मात्र ते ठेवू नये, कारण थंडीने त्याचा गाभा इतका कठीण होतो की पुढे कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही.

इतके गोड असल्यामुळेच रताळ्याची आपण थोडी उपेक्षा केली आहे, असे मला वाटते. गुळाचा पाक, तूप, वेलची, नारळाचा रस हे सारे ठीक. रताळ्याची खीर आणि घाऱ्या मीही आवडीने खातो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी जो कृतज्ञतेचा सण असतो, त्यात तर रताळ्याच्या लगद्यावर साखरेच्या फुसफुशीत वड्या भाजून मुख्य जेवणाबरोबरच वाढतात. पण गोडावर गोड चढवण्यात त्या कंदाचे कौशल्य दिसत नाही. ते दिसते आंबट आणि तिखट यांच्या विरोधात, म्हणजेच खतखत्यात.

खतखते हा गोव्याचा आणि मालवणी मुलखाचा सामाईक ठेवा. तूरडाळ वेगळी शिजवून ठेवायची. सुरण, बटाटा, रताळे, कच्चे केळे, मुळा, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, जे त्या दिवशी परसात वा बाजारात असेल ते. पाचांहून कमी भाज्या असू नयेत असा संकेत. सुरणाला आधी चढवावे, कारण तो उशिरा शिजतो. बटाटा त्यानंतर. रताळे सर्वांत शेवटी आणि मोठ्या फोडी करून, नाहीतर ते विरघळून साऱ्या रसाला गोडसर खळ करून टाकते. मग खोबरे, सुक्या मिरच्या आणि हळद यांचे बारीक वाटण, गुळाचा खडा, आणि कोकमाची सोले. सोले आधी घालू नयेत: आंबटात कंदांचे मऊ पडणे थबकते, आणि एकदा आंबट पाण्यात सापडलेला बटाटा तासभर उकळूनही दाताखाली कचकचतो. सुरणाची खाज मारायला आंबट हवेच असेल, तर सुरण वेगळा शिजवावा. या पदार्थाला फोडणी नाही. फोडणीची उणीव तिरफळे भरून काढतात. त्यांतले काळे बी काढून टाकायचे, टरफले पाण्यात किंचित चेचून त्या पाण्यासकट रसात घालायची. वाटणात तिरफळ बारीक वाटले तर सारे कडू होते.

खतखते सकाळपेक्षा संध्याकाळी, आणि संध्याकाळपेक्षा दुसऱ्या दिवशी आंबोळीबरोबर चांगले लागते, कारण तोवर कंदांत आंबट-तिखट मुरलेले असते. तिरफळाची टरफले पानात आली तर ती खायची नसतात, बाजूला काढायची असतात. चाकरमान्यांबरोबर एखादा नवखा पाहुणा मुंबईहून आला असेल, तर पान वाढण्यापूर्वीच हे त्याच्या कानावर घातलेले बरे, कारण एकदा ते चावले की पुढची दहा मिनिटे त्याच्या जिभेला मोदकाची चव लागणार नाही.