जुळणारा दाता मिळेल का?



पोराला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणजे सारं संपलं, असं नाही. पुष्कळ मुलं औषधांनीच बरी होतात. पण रोग उलटला, तर बहुधा दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी द्याव्या लागतात. भारतात हे रोपण प्रथम १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली.

सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. घरात जुळलं नाही, की नोंदलेल्या दात्यांत शोधायचं. इथंच पंक्तिप्रपंच होतो. जुळणी बहुधा आपल्याच वंशाच्या माणसांत सापडते. अमेरिकेच्या नोंदणीत गोऱ्या रुग्णांना दाता लवकर मिळतो, काळ्यांना त्या मानानं खूपच कमी वेळा. आपल्याकडं तर नोंदलेले दातेच थोडे. आता आईबापाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही चालतात. पण खर्च लाखांत आणि शहरात कित्येक महिने मुक्काम. उसाच्या बिलात ते कसं भागायचं?

पैशाचा प्रश्न मोठा आहे; दात्याचा मात्र आपल्या हातातला. ‘दात्री’सारख्या संस्था गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून निरोगी तरुणांची नोंद करतात. पुढं गरज पडली, तर पेशी बहुधा हाताच्या शिरेतूनच घेतात. घरच्या तरुण पोरांशी याबद्दल जरूर बोला.