कारवारचा उन्हाळा

बंगळूरच्या पूर्व भागातील महादेवपुरा ही वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याची सुटी लागली की तेथील अनेक कुटुंबे समुद्राची वाट धरतात. नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. त्यांपैकी पुष्कळांची पावले कारवारकडे वळतात, कारण राज्य कर्नाटकाचे असले तरी तेथे कोकणी आणि मराठी सहज कानी पडते.

कारवारला उतरताच या प्रवाशांना एक कोडे पडते. उष्णतामापकातील पारा मे महिन्यात सामान्यतः ३३ अंशांच्या आसपास असतो. बंगळुरात २०१६ च्या एप्रिलमध्ये तो ३९.२ अंशांपर्यंत चढला होता. मग कमी तापमानात जीव अधिक का घाबरा होतो? याचे उत्तर हवेतील बाष्पात आहे. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. पठारावरील कोरड्या हवेत तो तत्काळ वाळतो. किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो अंगावरच निथळत राहतो. तेथे माणसाला निववितो तो वारा. म्हणून किनाऱ्यावरचा दिवस वाऱ्याच्या वेळा पाहून आखावा लागतो.

या वेळा ठरलेल्या असतात. सूर्य वर आला की जमीन लवकर तापते, पाणी मात्र सावकाश तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून वारा येतो. हा खारा वारा. दुपारी त्याला जोर चढतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास तो मंदावतो. त्यानंतरचा काही काळ हवा अगदी पडते. उकाड्याची खरी घटका तीच. पुढे रात्री जमीन निवली की वाऱ्याची दिशा उलटते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. शिडांच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. घरांची रचना व आहारही याच हवामानाला धरून आहेत. उतरती कौले, पुढे मोकळी पडवी, सकाळी मीठ घालून पेज, जेवणात सोलकढी, दुपारी पन्हे किंवा शहाळे, आणि जोडीला शेजारच्या अंकोल्याचा करी इशाड आंबा. घामावाटे गेलेले पाणी व मीठ यांतूनच भरून निघते.

दुसरे घड्याळ भरती-ओहोटीचे. त्याची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल सकाळी ज्या वेळी पाणी सुरक्षित वाटले, त्याच वेळी चार दिवसांनी ते तसे असेलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. काळी नदी कारवारजवळ समुद्राला मिळते. अशा मुखाशी ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर ओढले जाते. मोकळ्या पुळणीवरही लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत फिरते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तेथेच घात होतो. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंज देऊ नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मगच किनाऱ्याकडे वळावे.

पाण्याचा कल पाहून वागण्याचे एक सुंदर उदाहरण कारवारच्याच इतिहासात आहे. १८८३ मध्ये बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर येथे राहिले होते. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ येथे न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री ही मंडळी होडीने नदीतून वर गेली आणि परतताना त्यांनी होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशी पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. तेव्हा समुद्रातून पुढे न जाता सर्वजण उतरले आणि चांदण्यात वाळूवरून चालत घरी आले. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत त्या चालण्याचे मोठ्या आनंदाने वर्णन केले आहे. समुद्राची वाट सोडल्यामुळे त्या रात्रीचा आनंद उणावला नाही. उलट त्यात भरच पडली.

मे सरता सरता दक्षिणेकडून मोठ्या लाटा येऊ लागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान्यतः पाऊस येऊन ठेपतो. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते कोळी नौका वर ओढू लागले, की सुटीवर आलेल्यानेही पाण्याचा मोह आवरावा. पहाटे पुळणीवर फेरफटका, दुपारी पडवीत विसावा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी एखाद्या कोळ्याला विचारलेला एक प्रश्न, एवढे सांभाळले तर किनाऱ्यावरचा उन्हाळा सुखाचा होतो.