चारमिनारी रुपयाचा लिलाव

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात एखादा चारमिनारी रुपया हमखास सापडतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांच्या रुपयावर चारमिनारच्या दारात त्यांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’ आहे. सुरुवातीच्या नाण्यांवर ते अर्धे, पुढच्या नाण्यांवर पूर्ण. एवढ्याशा फरकापायी संग्राहक जीव टाकतात.

कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीतील आमचे एक निवृत्त शेजारी वडिलांनी जमविलेले असे चौदा रुपये घेऊन आमच्याकडे आले. नातीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते आणि सराफ केवळ चांदीचा भाव देत होता. “गुरुजी, संगणकावर लिलाव होतात म्हणे, तेवढे पाहता का?” म्हणाले.

आम्ही पाहिले. फक्त नाण्यांना वाहिलेल्या एका लहानशा संकेतस्थळावर छायाचित्रे चढविली. सात दिवसांत बोली आली एकच, तीही सराफाच्या भावाहून कमी! लिलावाला दोन तरी हट्टी माणसे लागतात. अशा ठिकाणी जाणकार असतात, पण मोजके. ते एकमेकांना ओळखतात आणि घाई करीत नाहीत. मोठ्या बाजारात गर्दी असते, पण तिला ऐनाचे काय! शिवाय मोठा बाजार तरी कुठे कायमचा? ईबेने २००४ साली ‘बाझी’ विकत घेऊन येथे बस्तान बसविले; २०१८ च्या ऑगस्टात ईबे इंडिया बंद झाले.

दुसरी अडचण विश्वासाची. अस्सल रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. ओतीव नकल तराजूत आणि नादात पकडली जाते, छायाचित्रात नाही. (आम्हीही पूर्वी एकदा असे फसलो आहोत, सौभाग्यवती ती नकल अजून पाहुण्यांना दाखवितात.) पारखी नेमावा, तर एका रुपयावरील दलालीतून त्याचे मानधन निघत नाही.

त्यात १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. म्हणजे अमेरिकेतील एखाद्या हैदराबादी मराठी माणसाने हौसेने बोली लावली, तरी रुपया त्याच्या हाती पडावयाचा नाही. दरसाल आणखी एका वर्षाची नाणी या मर्यादेत शिरतात, आणि लहान संकेतस्थळाचा माल तेवढा आखडतो.

मुंबईचे तोडीवाला किंवा बंगळूरचे मरुधर यांसारख्या पेढ्या नाणी हाताळून, सूची छापून लिलाव करतात. दूरची बोलीही घेतात. आमच्या शेजाऱ्यांनी अखेर तोच मार्ग धरला. तेरा रुपये पाठविले. अर्ध्या ऐनाचा रुपया एकच होता, आणि किंमत खरी त्याचीच यावयाची. पण वहिनींनी तो ताम्हनातून उचलू दिला नाही.